हातवार सरांचे चार टायर

हातवार सरांबरोबर बाजारात जाऊ नये, असं आमच्या शाळेत रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या मास्तराला कोणी ना कोणी सांगायचं. मला नेमकं कोणी सांगितलं नाही. सरांना चप्पल घ्यायची होती, मी नवा होतो, म्हटलं जाऊ बरोबर, ओळख वाढेल. दुकानदारानं चपला काढल्या. सरांनी एकेक उचलली, तळवा अंगठ्यानं दाबला, रबर नाकाशी नेऊन वास घेतला, वाकवून पाहिलं. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दुकानाच्या फरशीवर चांगलं ओंजळभर पाणी सांडून त्यावर चप्पल घालून चालू लागले. दुकानदार ओरडला. सर शांतपणे म्हणाले, "पान्यात घसरन का नाही, हे घरी जाऊन पाहू का मंग?" त्या दिवशी त्यांनी चप्पल घेतलीच नाही. पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात पुन्हा गेलो. मी म्हणजे मुकाट्यानं मागून गेलो, कारण तोवर मला नाही म्हणता येईना.

माझा स्वभाव अगदी उलटा. दिसेल ती पहिली वस्तू उचलायची, घरी यायचं आणि वर्षभर तिला शिव्या घालायच्या. सरांना त्याची फार मजा वाटे. ते म्हणत, "लांजेवार, घेतल्यावर नाव ठेवाचं नाही. म्हून तं आधी पाहून घ्याचं." आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. दुसऱ्या खेपेला घेतलेली ती चप्पल पुढे त्यांच्या अंगठ्याला चावली, टाच घासली, एका बाजूनं उसवली, पण सरांच्या तोंडून तिच्याविषयी एक शब्द निघाला नाही. एकदा घेतली म्हणजे घेतली.

दिघोरीच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे आणि मी मराठी. सर उंच, थोडे पोक आलेले, हाताचे अंगठे रुंद आणि चपटे. घरची शेती तलावाच्या पोटाशी, धानाच्या बांध्या. पुस्तकातल्या राजांनी लढाईचे निर्णय एका रात्रीत घेतले हे ते मुलांना शिकवत खरे, पण शिकवताना त्यांचा चेहरा असा होई, की या लोकांनी जरा आणखी विचारपूस करायला हवी होती.

वडिलांबरोबर ते लहानपणी बैलबाजारात जायचे, तिथे ही सवय लागली असावी. बैलाचे दात पाहायचे, खूर पाहायचे, चालवून पाहायचा, आणि जोडीतला एक आवडला तरी दुसऱ्याची चाल जुळत नसेल तर दोन्ही सोडून यायचं. हे सगळं ते अभिमानानं सांगत. एकदा असंच सांगत असताना वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, मले पाहाले हे तीनदा आले व्हते. पह्यल्यांदा बापासंगं, दुसऱ्यांदा मामासंगं. तिसऱ्यांदा आले तं म्याच इचारलं, आता का दात पाहाचे राह्यले का?" सर हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "तवाच पसंत केली." वहिनी कपबशा गोळा करत म्हणाल्या, "अन् मंग नाव नाही ठेवलं, हे मात्र खरं हाय बाप्पा."

वहिनींच्या मूत्रपिंडांनी दगा दिला तेव्हा सर निवृत्त होऊन थोडाच काळ झाला होता. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. दिवसाआड भंडाऱ्याला जायचं, चार तास मशीनला लावायचं, परत यायचं. हे किती दिवस, असं वहिनींनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता हे चालूच राहील. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीही पारखून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जाणं सुरू झालं.

आधी बसनं, मग भाड्याच्या जीपनं. जीपवाला कधी लग्नाच्या वरातीला जाई, कधी त्याची गाडी बिघडे. मशीनची पाळी ठरलेली असते, उशीर झाला की पुढचा माणूस बसतो आणि आपण बाकावर. एक पाळी चुकली तर वहिनींच्या पायांना सूज येई, झोपलं की धाप लागे, उशा लावून बसून राहावं लागे. त्यामुळे सगळं घर एकाच गोष्टीवर उभं होतं, वेळेवर पोचण्यावर. बाकी कशाचं काही महत्त्व उरलं नव्हतं.

मग मुलगी, नीता, नवऱ्याबरोबर परदेशी निघाली. जावयाची पुण्यात एक सेडान होती, जुनीच घेतलेली पण दणकट. ती विकण्याऐवजी त्यांनी दिघोरीला आणून सोडली. आईसाठी. या गाडीची खासियत अशी की इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. सरांना हे फार पटलं. पारावर बसून ते समजावून सांगू लागले, "बाकीच्या गाड्या दोन चाकानं चालतेत, हे चारही चाकानं चालते." त्यावर पारावरचा एक जण म्हणाला, "सर, आमी तं सगळ्याच गाड्याइले चार चाकं पाह्यले." सर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघायचे तसे.

मी त्या गाडीत खूप बसलो आहे. माझ्या डोळ्यांचं दुखणं आणि भंडाऱ्याचा डॉक्टर, त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा मागच्या सीटवर माझी जागा ठरलेली. पुढे सर आणि वहिनी. निघताना वहिनी बोलत, येताना झोपत. सर अतिशय सावकाश चालवत. सानगडीपर्यंतचा रस्ता अरुंद, समोरून बस आली की डावीकडची चाकं खाली मातीत उतरवायची, बस गेली की पुन्हा वर. साकोलीला मोठा रस्ता लागला की तिथे ट्रकांची रांग. खरं सांगतो, नुसतं मागे बसूनही मी घरी येऊन आडवा होत असे. सर घरी येऊन वहिनींना उतरवत, मग गाडी पुसत, मग गुरांचं पाहत. परवा पुन्हा जायचं असे.

पुण्याहून आलेले टायर झिजायला लागले तेव्हा मला वाटलं, आता आपली सुटका नाही. आणि झालं तसंच. चपलेला दोन आठवडे लावणारा माणूस टायरला किती लावेल?

पण न्यायानं बोलायचं तर गोष्ट सोपी नव्हती. आमच्याकडे एका टायरनं भागत नाही. मे अखेरच्या नवतप्यात डांबर असं तापतं की चप्पल चिकटते, तिथे मऊ रबर भराभर झिजतं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांध्यांमध्ये चिखलणी करणारे ट्रॅक्टर त्यांच्या लोखंडी पट्ट्यांच्या चाकांसकट, केजव्हीलसकट, रस्त्यावर येतात आणि अर्धी बांधी डांबरावर आणून टाकतात. त्यावर पाऊस पडला की रस्ता साबणासारखा. तिथे टणक टायर घसरतो. दिवाळीनंतर धान रस्त्यावर वाळत घातलेलं, पुढे कडधान्याची लाखोरी काढली की लोक तीही रस्त्यावरच पसरतात, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांनी आपोआप मळून निघावी म्हणून. त्या वाळक्या काड्यांवर ब्रेक मारून पाहावा एकदा. आणि पौषात पहाटेचं धुकं, तलावाच्या पाळीवर, बांधावरून जाणारा ओला रस्ता, पुढचं काही दिसत नाही.

जावई परदेशातून व्हिडिओवर दिसायचा, मागे बर्फ. तो म्हणायचा, "बाबा, आमच्याकडे हिवाळ्याचे वेगळे टायर, उन्हाळ्याचे वेगळे. वर्षातून दोनदा बदलतो." सर म्हणायचे, "आमच्याकडं एकाच दिवसात दोनदा बदला लागतीन." जावई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे: चारही टायर एकदम बदला, एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे. या गाडीला दोन नवे, दोन जुने चालत नाहीत. चाकांच्या घेरात फरक पडला की तिचं तंत्र गोंधळतं. सर मान डोलवत. बैलांच्या जोडीचं गणित त्यांना कोणी वेगळं शिकवायला नको होतं.

मग सुरू झालं विचारणं. बसच्या ड्रायव्हरला, वरठीच्या कारखान्यात जाणाऱ्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला, दूधवाल्याला. बपेऱ्याकडचे एक पाहुणे लग्नात भेटले, तर जेवणाच्या पंगतीतून उठवून त्यांना गाडीपाशी नेलं. प्रत्येकाचं मत वेगळं, आणि सर प्रत्येकाचं ऐकून घेत. भंडाऱ्यात वहिनी मशीनवर असत तेवढ्या वेळात ते दुकानं फिरत. टायरमध्ये अंगठा दाबत, वास घेत, आतल्या बाजूला हात फिरवत. कडेवर तयार झाल्याचा आठवडा आणि साल कोरलेलं असतं, ते चष्मा वर करून वाचत. "जुना माल हाय, भाऊ. ठेवल्या ठेवल्या बी रबर म्हातारं होते," म्हणत आणि निघत.

शेवटी एका दुकानात मन बसलं. गभने नावाचा माणूस, बोलका, उगाच खपवणारा नाही. त्या दिवशी मी बरोबर होतो आणि वहिनींचं आटोपल्यावर आम्ही घरी जाता जाता थांबलो होतो, वहिनी पुढच्या सीटवर डोळे मिटून. गभनेनं दोन टायर उभे करून ठेवले. एक मऊ रबराचा, खोल खाचांचा, पाण्यात धरून चालणारा, पण लवकर झिजणारा. दुसरा टणक, दीर्घकाळ टिकणारा, कोरड्यात उत्तम, ओल्यात जरा जपून चालवायचा.

सरांनी दोन्ही दाबले. दोन्हींचा वास घेतला. गभने सहज म्हणाला, "सर, दोनी चांगले हायेत. तुमी फक्त हे सांगा, अजून किती वर्ष असंच जानं-येनं करनार हाय?"

गिऱ्हाइकाला विचारायचा अगदी साधा प्रश्न. रोज दहा जणांना विचारत असेल. सरांनी टायर धरूनच वळून गाडीकडे पाहिलं. वहिनी झोपल्या होत्या, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, हाताला पट्टी. सरांनी टायर परत भिंतीला टेकवून ठेवला, हळूच, जणू तो वाजला तर काही होईल. "पुढच्या खेपेले सांगतो," म्हणाले. मी त्यांना ओळखून होतो म्हणून मला वाटलं, नेहमीचीच टाळाटाळ. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली आणि सुरू करायलाच विसरले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांचे घ्यावेत तर तोंडानं दोन वर्षं म्हणावं लागतं. पाच वर्षांचे घ्यावेत तर पाच म्हणायची छाती हवी.

पुढच्या खेपेला मी नव्हतो. त्यानंतरच्या वेळी बसायला गेलो तर गाडीच्या डाव्या बाजूला पुढे-मागे दोन कोरे टायर आणि उजवीकडे जुनेच.

"सर, हे काय?" मी म्हटलं. "जावई काय सांगत होता?"

"त्याले अठचा रस्ता मालूम नाही," सर म्हणाले. "डावे चाकं मातीत उतरतेत, उजवे डांबरावर रायतेत. नांगराले बी एक बैल तासात चालते, एक बाहीर चालते. ज्याले तरास जास्त, त्याले नवी नाल." युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता. पुढे-मागे अशी जोडी बदलणारे लोक मी पाहिले होते, पण डावी-उजवी अशी जोडी लावणारा माणूस आमच्या रस्त्यांवर जन्म काढलेलाच असू शकतो.

थोडे दिवस चाललं. गाडी उजवीकडे ओढते असं वाटे, सर चाक धरून ठेवत. मग ऐन रोवण्यात, झिमझिम पावसात, मी मागच्या सीटवर असताना, सानगडीच्या अलीकडे समोरून बस आली. सरांनी नेहमीप्रमाणे डावी चाकं खाली उतरवली. बस गेली. वर घ्यायला गेले तर समोर एक पिवळा दिवा लागला, पुढची चाकं नुसती फिरू लागली आणि मागच्यांनी काही ओढलंच नाही. उजवी बाजू केजव्हीलच्या चिखलावरून सरकली आणि गाडी तिरकी होऊन बांधीच्या कडेच्या नालीत जाऊन बसली. जावयानं नंतर समजावलं, दोन बाजूंच्या चाकांचा वेग सारखा येत नव्हता, गाडीला वाटत राहिलं की आपण एका बाजूनं घसरतो आहोत, आणि शेवटी तिनं मागच्या चाकांची ताकदच तोडली. चारही चाकांनी चालणारी गाडी नेमकी गरजेच्या वेळी दोन चाकांची झाली.

कोणाला लागलं नाही. वहिनी वरच्या कडीला धरून बसल्या होत्या. सर उतरले, गुडघाभर चिखलात गेले, चाकाखाली धानाची तनस टाकली, दगड लावले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. घड्याळाकडे बघत नव्हते, पण आम्हा तिघांनाही माहीत होतं, पाळी निघून चालली आहे. बांधीत रोवणा करणाऱ्या बाया काम टाकून आल्या. त्यांतली एक म्हातारी आत डोकावून म्हणाली, "माय, तू कायले बसली अंदर? चाल, आमी नेतो." वहिनींना सुजलेल्या पायांनी त्या चिखलात चालता येणार नव्हतं. दोघींनी एकमेकींची मनगटं धरून बैठक केली, वहिनींना तीवर बसवलं आणि वर रस्त्यावर आणलं. मागून साकोलीकडे जाणारी बस आली, ती तिसरीनं आडवं उभं राहून थांबवली. सर चिखलानं माखलेले तसेच बसमध्ये चढले. मी गाडीपाशी राहिलो. ज्यानं रस्ता चिखलाचा केला होता बहुधा त्याच ट्रॅक्टरनं तासाभरात गाडी ओढून काढली.

पाळी गेली होती. संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागलं, मग कोणी तरी उठलं तेव्हा अर्धीच वेळ मशीन मिळालं. दोन दिवस वहिनी उशांना टेकून बसून होत्या. मी भेटायला गेलो तर सर ओसरीत बसलेले, दाढी वाढलेली. म्हणाले, "चार घेतले असते तं गभनेले सांगा लागलं असतं, किती वर्षाचे पाह्यजे. दोन घेतले तं तो काही इचारत नाही. म्हून दोन घेतले, लांजेवार. बैलाचं अन् तासाचं मंग सुचलं." असं बोलून ते फार थकलेले दिसले. मला त्यांची फार दया आली, आणि त्यांना ती कळू नये म्हणून मी पावसाविषयी काहीतरी बोललो.

आतून वहिनींनी सगळं ऐकलं असणार. पुढच्या वेळी, मशीनवरून उठल्यावर, त्यांनीच गाडी गभनेच्या दुकानाशी थांबवायला लावली. एरवी त्या येताना डोळेही उघडत नसत. त्या दिवशी दार उघडून उतरल्या, दाराला धरत धरत दुकानात गेल्या आणि स्टुलावर बसल्या. गभनेनं पुन्हा तेच दोन नमुने काढले, पुन्हा तेच सांगितलं. सर टायर दाबायला वाकले.

"तुमी नका हात लावू आता," वहिनी म्हणाल्या. "यातला जास्त वर्ष कोन्ता चालते, भाऊ?"

गभनेनं टणक टायरवर हात ठेवला. "हा, माय. नीट चालवला तं पाच वर्ष पाहाचं काम नाही."

"हेच चार द्या."

"अवं, पान्यात घसरन तो," सर म्हणाले.

"घसराले जोरात चालवा लागते. तुमच्या पुढून तं बैलाचं खासर जाते." गभने हसला, मीही हसलो. सर तरीही टायरकडे बघत उभे. मग अगदी हळू म्हणाले, "पाच वर्ष हायेत ते."

"असू द्या ना," वहिनी म्हणाल्या. "काहून, तुमाले कुठी जाचं हाय का त्याच्या पह्यले?"

यावर सर हसले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. चारही टायर चढेपर्यंत वहिनी त्या स्टुलावर बसून राहिल्या आणि सर त्यांच्यामागे उभे राहिले, त्यांच्या पाठीला आधार लागावा म्हणून पोट पुढे करून. टायरला त्यांनी त्यानंतर अंगठा लावलेला मी पाहिला नाही.

त्या टायरांचा आवाज जास्त येई. खड्ड्यात गाडी दणके देई. पावसात सर इतके सावकाश जात की सायकलवाले वळून पाहत. पण पुन्हा पाळी चुकली नाही. घरून निघायची वेळ त्यांनी अलीकडे आणली, एवढंच. म्हणजे तेवढी झोप कमी केली. पहाटे उठून पाणी तापवायचं, वहिनींच्या पथ्याचा डबा स्वतः करायचा, गाडी काढायची. कोणी म्हटलं, सर ड्रायव्हर ठेवा एखादा, तर म्हणत, "पाहून राह्यलो." पाहत होते खरेच. गावातल्या तिघाचौघांना त्यांनी शेजारी बसवून चालवायला लावलं, आणि कोणाचा ब्रेक पसंत पडला नाही, कोणाचं बोलणं. आम्ही सगळे वहिनींची चौकशी करायचो. कशा आहेत, रक्त किती, सूज उतरली का. सरांना कोणी विचारलं नाही. ते गाडीसारखे बाहेर उभे असत, आणि चालू स्थितीत असत.

सर मागच्या होळीच्या आधी गेले. दिघोरीच्या आठवडी बाजारात, भरताची वांगी निवडत असताना. वांगीवाली सांगत होती की एकेक वांगं दाबून पाहत होते, ती नेहमीसारखी कटकट करत होती, आणि एकदम ते तिच्या टोपल्यांपाशी खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. खबर ऐकून मला पहिल्यांदा दुःखही झालं नाही, संताप आला. असं कसं, हा क्रम चुकीचा आहे, असं मी बायकोवर ओरडलो, जणू तिनंच काही केलं होतं. तेराव्याच्याही आधी, दुसऱ्याच दिवशी, वहिनींना भंडाऱ्याला न्यावं लागलं. मशीन थांबत नाही. सरांचा पुतण्या गाडी चालवतो आता. बरा चालवतो. टायर अजून चांगले आहेत.

पण मला आठवतात ते जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यातले सर.

माझ्या डोळ्यांचं काम त्या दिवशी भंडाऱ्यात लवकर संपलं. परतीला सरांबरोबर जायचं ठरलं होतं म्हणून मी डायलिसिसच्या दवाखान्यामागच्या आवारात गेलो, तिथे गाड्या उभ्या असतात. दुपारचं ऊन असं की डोळ्यांत औषध घातलेल्या मला समोरचं धड दिसेना. सावलीच्या जागा सगळ्या गेलेल्या. सरांची गाडी भिंतीलगत उघड्यावर उभी होती, काचा खाली केलेल्या, इंजिन बंद. सर स्टिअरिंगमागे झोपले होते. मान मागे टेकलेली, चष्मा नाकावर घसरलेला, दोन्ही हात मांडीवर उताणे. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. फार म्हातारे दिसत होते.

त्यांच्या खिडकीशी वहिनी उभ्या होत्या. नुकत्याच मशीनवरून उठून आलेल्या, हाताच्या पट्टीवर रक्ताचा ठिपका. मोकळ्या हातानं त्यांनी पदर वर ओढून गाडीच्या टपाला धरला होता, आणि त्या पदराची सावली सरांच्या तोंडावर पडली होती. मी घाईनं पुढे झालो. "वहिनी, हे काय, चक्कर येईल तुम्हाला! आत बसा आधी."

त्यांनी मान हलवून मला गप्प केलं.

"दार वाजलं का उठतीन," त्या कुजबुजल्या. "तुमी तिकडून उभे राहा, भाऊजी. तिकडून बी झळ येऊन राह्यली."

मी वळसा घालून पलीकडे गेलो आणि खिडकीला पाठ लावून उभा राहिलो.